गावाची नगरपंचायत होताना: कोणत्या टप्प्यावर नागरिकांनी काय करायचे

वाढत्या गावात नगरपंचायतीची मागणी सुरू झाली की चर्चा बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरते. घरपट्टी किती वाढणार आणि नगराध्यक्ष कोण होणार? हे प्रश्न गैर नाहीत, पण आपला कारभार आपण करण्याचा अधिकार गावाला मिळतो की हुकतो, हे ठरते त्यांच्या मधल्या कंटाळवाण्या भागात, म्हणजे हद्दीच्या नकाशात, प्रभागांच्या प्रारूपात, कर आकारणीच्या यादीत, विकास आराखड्यात आणि अंदाजपत्रकात. यांपैकी बहुतेक टप्प्यांवर कायद्याने नागरिकाला लेखी म्हणणे मांडण्याची मुदत दिलेली आहे, आणि ती उलटून गेल्यावर काढलेल्या मोर्चाला कायद्याच्या दृष्टीने फारशी किंमत उरत नाही. त्यामुळे पुढील विवेचन त्या मुदतींच्या क्रमाने केले आहे.

अधिकार येतो कोठून

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत स्थानिक स्वराज्य संस्था हा विषय राज्यसूचीत आहे. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका अशा तीन प्रकारच्या नागरी संस्थांना घटनात्मक स्थान दिले, त्यांची मुदत पाच वर्षे ठरवली, निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे सोपवल्या आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषयांची यादी दिली. ही यादी म्हणजे अधिकारांची सनद आहे, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. अनुच्छेद २४३-डब्ल्यूनुसार राज्य विधिमंडळ कायद्याने हे अधिकार संस्थांना देऊ शकते. ते दिलेच पाहिजेत, असे तेथे म्हटलेले नाही. म्हणून आपल्या शहराला काय करता येते, हे शोधायचे तर घटना मिटवून राज्याचा अधिनियम उघडावा लागतो.

महाराष्ट्रात लहान शहरांसाठी तो अधिनियम म्हणजे 'महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५'. मुंबईसाठी १८८८ चा आणि इतर महापालिकांसाठी १९४९ चा अधिनियम वेगळा आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत 'होम रूल' नावाची पद्धत आहे. १८७५ साली मिसुरी राज्याने आपल्या राज्यघटनेतच तिची तरतूद केली, आणि तेव्हापासून तेथील ठरावीक लोकसंख्येवरची शहरे मतदारांच्या संमतीने स्वतःची सनद स्वतः लिहू शकतात. नगराध्यक्ष ठेवायचा की नेमलेला व्यवस्थापक, सभागृहात किती सदस्य असावेत, हे ते शहर ठरवते. आपल्याकडे दापोलीची आणि देवळीची सनद एकच, आणि ती मुंबईत किंवा नागपूरच्या अधिवेशनात बदलते. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. तिन्ही वेळा एकाही शहराला विचारलेले नव्हते. ही मर्यादा मान्य करून तिच्या आत जेवढी जागा आहे तेवढी पुरेपूर वापरणे, एवढेच सध्या आपल्या हातात आहे, आणि ती जागा लोक समजतात त्यापेक्षा मोठी आहे.

पहिला टप्पा: गाव निकषांत बसते का, हे स्वतः तपासणे

१९६५ च्या अधिनियमातील कलम ३४१-अ प्रमाणे संक्रमणात्मक क्षेत्र, म्हणजे नगरपंचायत, होण्यासाठी लोकसंख्या १०,००० ते २५,००० च्या दरम्यान असावी लागते. त्याच्या जोडीला बिगरशेती रोजगाराची अट आहे, आणि ती मोठ्या शहराच्या जवळच्या गावांना सौम्य, तर लांबच्या गावांना कडक आहे. नगरपरिषदेसाठी कलम ३ प्रमाणे किमान २५,००० लोकसंख्या आणि किमान ३५ टक्के बिगरशेती रोजगार लागतो. तालुका मुख्यालयांची गोष्ट निराळी आहे, कारण जेथे नागरी संस्था नव्हती अशा तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करण्याचे धोरण राज्य शासनाने २०१४ मध्ये स्वीकारले. अनुसूचित क्षेत्रातील गावांनी मात्र येथेच थांबून अनुच्छेद २४३-झेडसी वाचावा, कारण घटनेतील नगरपालिकांविषयीचा भाग त्या क्षेत्रांना आपोआप लागू होत नाही.

लोकसंख्या धरायची ती आकडे प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेची, म्हणजे हा मजकूर लिहिताना २०११ ची. गावात आज ३०,००० लोक राहत असल्याचे सर्वांना दिसत असले तरी कागदावर २०११ चाच आकडा चालतो. बिगरशेती रोजगाराचे प्रमाणही जिल्हा जनगणना पुस्तिकेतून काढता येते. त्यात काम करणाऱ्यांचे शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील आणि इतर असे चार गट दिलेले असतात. समजा, गावात एकूण काम करणारे ६,२०० आहेत, त्यांत शेतकरी ९०० आणि शेतमजूर १,४०० आहेत. तर बिगरशेती कामे करणारे ३,९०० होतात आणि हे प्रमाण सुमारे ६३ टक्के येते. हे गणित अर्ध्या तासाचे आहे, पण ते न करताच ठराव आणि निवेदने दिली जातात आणि प्रस्ताव त्रुटींसाठी परत येतो.

आणखी एक गोष्ट काळाची. जनगणनेच्या आधी प्रशासकीय हद्दी गोठवल्या जातात. २०२७ च्या जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ ही त्यासाठीची तारीख ठरवण्यात आली होती. त्यामुळे जनगणनेचे काम चालू असताना हद्दबदलाचे प्रस्ताव पुढे सरकतील, ही अपेक्षा ठेवू नये. हा वेळ कागदपत्रे जुळवण्यात घालवावा.

दुसरा टप्पा: ठराव, प्रस्ताव आणि हद्दीचा नकाशा

मागणीची सुरुवात ग्रामसभेच्या आणि ग्रामपंचायतीच्या ठरावाने व्हावी. कागद नंतर पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे व तेथून मंत्रालयातील नगरविकास विभागाकडे जातो. ठरावासोबत जनगणनेचे आकडे, मागील तीन वर्षांचे उत्पन्न व खर्च, गावाचा नकाशा, समाविष्ट होणाऱ्या गट क्रमांकांची यादी, आणि पाणीपुरवठा, शाळा, दवाखाना, बाजार यांची माहिती जोडावी. 'गावाचा सर्वांगीण विकास व्हावा' या वाक्यापेक्षा ही यादी जास्त काम करते.

सर्वांत महत्त्वाचा कागद नकाशा हा आहे. नगरपंचायतीत मूळ गावठाण येते, पण लगतची वाडी, महामार्गावरची नवी वसाहत, औद्योगिक पट्टा किंवा नदीपलीकडची शेती येते की नाही, हे नकाशाच ठरवतो. जो भाग हद्दीत आला त्याचा कर गावाला मिळतो, आणि त्याला पाणी व रस्ते देण्याची जबाबदारीही गावावर येते. कर देणारा औद्योगिक पट्टा बाहेर आणि विखुरलेल्या वाड्या आत, अशी हद्द पडली तर नवी संस्था पहिल्या दिवसापासून अनुदानाच्या ओंजळीने पाणी पिते.

शासन उद्घोषणेचे प्रारूप राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रात प्रसिद्ध करते, ठळक ठिकाणी लावते, आणि हरकतींसाठी ३० दिवस देते. हरकत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावयाची असते. शंभर जणांनी एकाच छापील मजकुरावर सह्या करण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या गटाविषयी वेगळ्या हरकती दिल्या, तर त्यांची दखल घेणे भाग पडते. हरकतीची भाषा अशी असावी: 'मौजे अमुक येथील गट क्रमांक १४२ ते १६८ मधील वस्ती प्रस्तावित हद्दीच्या बाहेर ठेवली आहे. या वस्तीला पाणी गावाच्याच टाकीतून मिळते, मुले गावातील शाळेत जातात आणि सांडपाणी गावाच्या ओढ्यात येते. सबब हे गट हद्दीत समाविष्ट करावेत. सोबत पाणीपट्टीच्या पावत्या व नकाशा जोडला आहे.' पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नये आणि सुनावणीची तारीख लेखी मागावी.

हद्दीचा निर्णय एकदा झाला की तो कायमचा असतो असे नाही, पण तो फिरवायला वर्षे जातात. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेली. महापालिकेच्या कराविरुद्ध तेथे नाराजी वाढली, स्वतंत्र नगरपरिषदेची मागणी झाली, ती मान्यही झाली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. म्हणजे या गावांना ग्रामपंचायतीतून नगरपरिषदेत यायला आठ वर्षांचा वळसा पडला.

तिसरा टप्पा: दप्तराचे हस्तांतर

अंतिम उद्घोषणा निघाली की ग्रामपंचायत संपते, सरपंच व सदस्यांची पदे जातात आणि निवडणूक होईपर्यंत प्रशासक कारभार पाहतो. ग्रामपंचायतीची मालमत्ता, देणी आणि कर्मचारी नव्या संस्थेकडे येतात. कर्मचाऱ्यांच्या समावेशनाचा प्रश्न बहुतेक ठिकाणी चिघळतो, कारण नगरपंचायतीचा आकृतिबंध, म्हणजे कोणती व किती पदे असावीत हे, शासन मंजूर करते आणि ग्रामपंचायतीत वर्षानुवर्षे काम केलेला प्रत्येक जण त्यात बसेलच असे नसते. त्यामुळे कर्मचाऱ्यांनी नेमणुकीचा ठराव, हजेरीपत्रक आणि पगाराच्या नोंदी यांच्या सहीशिक्क्याच्या प्रती ग्रामपंचायत अस्तित्वात असतानाच घ्याव्यात.

घरमालकांनी घरपट्टी भरून नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा, उतारा आणि पावत्या जपून ठेवाव्यात. नमुना ८ किंवा पुढे मिळणारा नगरपंचायतीचा कर आकारणीचा उतारा, यांपैकी कोणताही मालकीचा पुरावा नव्हे. तो कर कोणाच्या नावावर आकारला याची नोंद आहे. तरी नव्या नोंदवहीत नावे उतरवताना ज्या चुका होतात, त्या दुरुस्त करायला हाच जुना उतारा लागतो.

हस्तांतराने काय जाते, याचीही कल्पना असावी. ग्रामसभा उरत नाही. ग्रामीण रोजगार हमीची कामे बंद होतात, घरकुलासाठी ग्रामीण योजनेऐवजी शहरी योजना लागू होते, आणि वित्त आयोगाचा निधी ग्रामीण हिश्श्याऐवजी नागरी हिश्श्यातून येऊ लागतो. शेतमजुरांची वस्ती मोठी असलेल्या गावाने हे नुकसान आधी मोजावे आणि मगच नगरपंचायतीचा ठराव करावा. केवळ प्रतिष्ठेसाठी शहर होणे त्या वस्तीला परवडत नाही.

चौथा टप्पा: प्रभाग आणि मतदार यादी

नगरपंचायतीत १७ प्रभाग असतात आणि प्रत्येकातून एक नगरसेवक निवडून येतो. नगराध्यक्ष सध्याच्या तरतुदीप्रमाणे थेट मतदारांकडून निवडला जातो. महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गासाठीच्या जागा नियमांप्रमाणे व सोडतीने ठरतात. प्रभागांचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी मिळणारी मुदत फार लहान असते, म्हणून ते प्रसिद्ध होण्याआधीच २०११ च्या जनगणनेतील प्रगणक गटांची (मोजणीसाठी पाडलेल्या लहान भागांची) लोकसंख्या हाताशी ठेवावी. हरकत घेताना दोन मुद्दे टिकतात: प्रभागांतील लोकसंख्या एकमेकींच्या जवळपास नाही, किंवा नदी, रेल्वे, मोठा रस्ता अशी नैसर्गिक सीमा ओलांडून वस्ती तोडली आहे. 'अमुक उमेदवाराच्या सोयीसाठी प्रभाग केला' हे खरे असले तरी हरकतीत लिहून उपयोग नाही.

मतदार यादी विधानसभेच्या यादीवरून प्रभागवार फोडली जाते, आणि येथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. रस्त्याच्या एका बाजूची घरे शेजारच्या प्रभागात जातात, एकाच घरातील माणसे दोन प्रभागांत विभागली जातात. प्रारूप यादी लागली की आपल्या गल्लीतील घरे एकदा सलग वाचावीत. नाव मुळात विधानसभा यादीतच नसेल, तर ते या टप्प्यावर घालता येत नाही. त्यासाठी आधीच अर्ज करावा लागतो.

पाच वर्षांच्या मुदतीविषयी घटना स्पष्ट आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये किशनसिंग तोमर प्रकरणात निवडणुका मुदतीपूर्वी घेण्याचे कर्तव्य ठामपणे सांगितले आहे. तरीही इतर मागासवर्गाच्या आरक्षणाच्या वादात महाराष्ट्रातील बहुसंख्य नागरी संस्था काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. ६ मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर प्रक्रिया हलली आणि नगरपरिषदा व नगरपंचायतींचे मतदान डिसेंबर २०२५ मध्ये झाले. प्रशासकांच्या काळातले ठराव एका सहीने झालेले आहेत. नव्या सभागृहाने ते एकदा मागवून वाचावेत, विशेषतः भाडेपट्टे, ठेके आणि आरक्षित भूखंडांविषयीचे.

पाचवा टप्पा: निर्णय कोण घेतो हे ओळखणे

नगराध्यक्ष सभेचे अध्यक्षस्थान भूषवतो, निर्णय सर्वसाधारण सभा ठरावाने घेते, आणि अंमलबजावणी मुख्याधिकारी करतो. मुख्याधिकारी हा राज्य शासनाचा अधिकारी असतो. त्याची नेमणूक आणि बदली शासन करते. स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या, सदस्यांना सभेत बोलता येते, मत देता येत नाही. सभागृहाचा ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी रोखू शकतात. येथील स्वायत्तता ही अशी दोरी बांधलेली आहे, आणि दोरी कोणाच्या हातात आहे हे माहीत असल्याशिवाय तक्रारीचा पत्ता ठरत नाही. नळाला पाणी नसेल तर मुख्याधिकारी, पाणीपट्टीचा दर चुकीचा वाटत असेल तर सभागृह, ठरावच कायद्याविरुद्ध असेल तर जिल्हाधिकारी.

सभेची विषयपत्रिका आणि मागील सभेचे इतिवृत्त हे दोन कागद नियमितपणे मिळवणे हे कोणत्याही नागरिक गटाचे पहिले काम असावे. संकेतस्थळावर नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात 'सर्व माहिती द्यावी' असे न लिहिता सभेची तारीख आणि ठराव क्रमांक लिहावा. दाखले, परवाने, नोंदी यांसाठी मात्र माहिती अधिकारापेक्षा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ उपयोगी पडतो, कारण त्यात अधिसूचित सेवेला मुदत आणि अपिलाची पायरी दोन्ही ठरलेल्या आहेत.

सहावा टप्पा: कर

स्वतःच्या कारभाराचा कस करात लागतो, आणि लोकांचा विरोधही येथेच सर्वांत जास्त असतो. त्या विरोधातला बराचसा भाग न वाचलेल्या बिलातून येतो.

ग्रामपंचायतीत घराचा कर साधारणपणे भांडवली मूल्यावर, म्हणजे जमीन व बांधकामाच्या किमतीवर, आकारला जातो. नगरपंचायतीत तो बहुधा वार्षिक भाडेमूल्यावर, म्हणजे घर भाड्याने दिले असते तर वर्षाला किती भाडे आले असते त्यावर, ठरतो. आधारच बदलल्याने जुन्या आणि नव्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य मिळते. समजा, घराचे वार्षिक भाडेमूल्य २४,००० रुपये धरले. त्यातून २,४०० वजा जाऊन करयोग्य मूल्य २१,६०० होते, आणि सर्व मालमत्ता करांचा मिळून दर २५ टक्के असेल तर कर ५,४०० रुपये. चूक शोधायची ती २५ टक्क्यांत नव्हे, २४,००० च्या आकड्यात. क्षेत्रफळ जास्त मोजले आहे का, पत्र्याच्या घराला आरसीसीचा दर लावला आहे का, घरमालक स्वतः राहतो तो भाग भाड्याचा दाखवला आहे का, निवासी खोली व्यावसायिक नोंदली आहे का, हे चार प्रश्न विचारले तर बहुतेक वाढीव बिलांचा उलगडा होतो.

आकारणीची यादी तयार झाली की जाहीर नोटीस निघते आणि हरकतीची मुदत मिळते. ज्यांचा कर नव्याने लागला किंवा वाढला त्यांना वैयक्तिक नोटीस येते. हरकतीसोबत घराचे मोजमाप, छायाचित्र आणि शेजारच्या सारख्या घराच्या आकारणीचा उतारा जोडावा. हा शेवटचा कागद सर्वांत परिणामकारक ठरतो. सुनावणीला स्वतः हजर राहावे. ही फेरआकारणी साधारण दर चार वर्षांनी होते, म्हणून तिला बोलीभाषेत चतुर्वार्षिक आकारणी म्हणतात. म्हणजे या वेळी सोडलेली चूक पुढची चार वर्षे भरावी लागते. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, त्यामुळे वाद चालू आहे म्हणून कर अजिबात न भरणे महागात पडते.

आता बिलाची उजवी बाजू. एकाच बिलात सर्वसाधारण कर, दिवाबत्ती, स्वच्छता, पाणी, अग्निशमन, वृक्ष कर, शिक्षण कर आणि, व्यावसायिक जागा असेल तर, रोजगार हमी कर असे रकाने दिसतात. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे राज्य शासनाचे आहेत. नगरपंचायत ते गोळा करून शासनाकडे जमा करते. शहराचे अंदाजपत्रक वाचताना हे रकाने वेगळे काढले नाहीत तर वसुली चांगली असल्याचा भास होतो, आणि प्रत्यक्षात गावात राहणारी रक्कम कमी असते.

पूर्वी नगरपरिषदांचे मोठे स्वतःचे उत्पन्न जकात हे होते. ती १९९९ मध्ये नगरपरिषदा क्षेत्रात बंद झाली आणि तिची जागा शासनाच्या सहायक अनुदानाने घेतली. तेव्हापासून लहान शहरांच्या हातात स्वतःचे म्हणावे असे मालमत्ता कर, पाणीपट्टी, बाजार शुल्क, परवाना शुल्क आणि गाळ्यांची भाडी एवढेच उरले आहे. बाकी निधी नगरोत्थानसारख्या राज्य शासनाच्या योजनांतून किंवा वित्त आयोगाकडून येतो, आणि त्याच्यासोबत तो कशावर खर्च करायचा याची अटही येते. पंधराव्या वित्त आयोगाने तर नागरी अनुदानासाठी लेखे संकेतस्थळावर ठेवणे आणि मालमत्ता करवसुलीत राज्याच्या सकल उत्पादनाच्या वाढीच्या प्रमाणात वाढ दाखवणे अशा अटी घातल्या. माझे मत स्पष्ट आहे: जे सभागृह मतांच्या भीतीने दहा वर्षे करदर हलवत नाही, ते आपला निर्णयाचा अधिकारच मंत्रालयाच्या टेबलावर ठेवून येते. पहिल्या सभागृहाने दर जरा कमी ठेवला तरी चालेल, पण एकही घर आकारणीबाहेर राहता कामा नये. बाजारपेठेतील गाळ्यांचे जुने भाडेकरार तर पहिल्याच वर्षी काढून वाचावेत. चालू दराच्या तुलनेत नाममात्र भाड्याने अडकलेले गाळे हे अनेक गावांचे लपलेले उत्पन्न असते.

सातवा टप्पा: विकास आराखडा

नगरपंचायत झाली की ती महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली नियोजन प्राधिकरण होते. ग्रामपंचायतीला नसलेला हा सर्वांत मोठा अधिकार आहे. कोठे रस्ता रुंद होणार, कोठे शाळेचे मैदान आणि कोठे भाजी मंडई, हे आराखडा पुढील वीसेक वर्षांसाठी ठरवतो. कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी ३० दिवस असतात आणि त्यांची सुनावणी नियोजन समिती घेते. प्रत्येकाने दोन गोष्टी पाहाव्यात: आपल्या गटावर आरक्षण (सार्वजनिक कामासाठी जागा राखणे) किंवा रस्ता पडला आहे का, आणि आपल्या वस्तीला चालण्याच्या अंतरावर खुली जागा ठेवली आहे का. पहिली गोष्ट सगळे पाहतात, दुसरी जवळपास कोणी पाहत नाही. नंतर कलम ३७ खाली आरक्षण बदलण्याचा ठराव आला की त्याला हरकत घेणारा कोणी उरत नाही, आणि मैदाने अशीच जातात.

ज्यांच्या जमिनीवर आरक्षण आहे त्यांनी कलम १२७ लक्षात ठेवावे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. म्हणून आरक्षण टाकतानाच ते विकत घ्यायला पैसे कोठून येतील, हा प्रश्न सभागृहाने विचारायला हवा. बांधकामाचे नियम मात्र शहराच्या हातात फारसे नाहीत. राज्यातील बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे.

आठवा टप्पा: उपविधी, अंदाजपत्रक आणि लेखापरीक्षण

कचरा, बाजार, कत्तलखाना, फलक यांविषयीचे उपविधी हा शहराने स्वतः लिहिण्याचा कायदा आहे. मसुदा सभेत मंजूर होतो, हरकतींसाठी प्रसिद्ध होतो आणि शासनाच्या मान्यतेने लागू होतो. बहुतेक ठिकाणी आदर्श उपविधी जसेच्या तसे घेतले जातात, जत्रेच्या गावालाही आणि गिरणीच्या गावालाही. फेरीवाल्यांच्या बाबतीत २०१४ च्या केंद्रीय कायद्याने नगर पथविक्रेता समिती बंधनकारक केली असून तिच्यात किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांमधून यायला हवेत. आठवडे बाजार हलवण्याचा ठराव येण्यापूर्वी ही समिती आहे का, एवढे विचारले तरी सभेची दिशा बदलते.

अंदाजपत्रकासाठी सूचना नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लेखी द्याव्यात. फेब्रुवारीत सभेपुढे येणारे अंदाजपत्रक तोवर ठरलेले असते. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. लहान शहराला अशी पद्धत ठरावाने सुरू करण्यास कोणतीही आडकाठी नाही, आणि १७ प्रभागांत ती महापालिकेपेक्षा सोपी आहे. अंदाजपत्रक वाचताना आरंभीची शिल्लक, मागील वर्षाचा अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च, हे तीन रकाने शेजारी शेजारी ठेवावेत. महिला व बालकल्याणासाठीचे आणि दिव्यांगांसाठीचे प्रत्येकी ५ टक्के राखून ठेवले जातात. ते खर्च झाले का, हे मागील वर्षाच्या प्रत्यक्ष आकड्यावरूनच कळते.

शेवटचा कागद म्हणजे स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल. त्यात आक्षेप क्रमांकाने लिहिलेले असतात: निविदा न काढता दिलेले काम, वसूल न झालेले भाडे, मोजमाप पुस्तिकेशी न जुळणारे देयक. माहिती अधिकारात अहवालासोबत अनुपालन अहवालही मागावा, कारण आक्षेपाला संस्थेने काय उत्तर दिले ते त्यातच असते. एखादा आक्षेप सभेच्या ठरावामुळे निर्माण झाला असेल आणि तो ठराव अजून अमलात येत असेल, तर ठरावाची साक्षांकित प्रत, लेखापरीक्षेचा परिच्छेद आणि ठरावाने भंग झालेले कलम, हे तीन कागद जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम ३०८ खाली अर्ज करावा, आणि त्याची प्रत मुख्याधिकाऱ्यांनाही त्याच दिवशी द्यावी.